दम लागलेल्या पेशंटची छातीची सोनोग्राफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात दम लागलेला पेशंट बहुतेक वेळा रात्रीच येतो, आणि त्याच्याबरोबर निम्मी वाडी येते. डॉक्टरांनी छातीवर जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब फिरवायला घेतला की कॅज्युअल्टीच्या दारात कुजबुज सुरू होते. त्या कुजबुजीतले प्रश्न इथे घेतले आहेत, आणि तालुक्याच्या ठिकाणी नव्याने रुजू झालेले मेडिकल ऑफिसर विचारतात तेही. कुठलं उत्तर कुणासाठी आहे ते वाचताना कळेलच.

सोनोग्राफी पोटाची असते ना? छातीची कशाला?

डॉक्टरांनाही बरीच वर्षं असंच शिकवलं जायचं. ध्वनिलहरींना हवेतून पुढे जाता येत नाही, फुफ्फुस हवेने भरलेलं, म्हणजे तिथे काही दिसणार नाही. यातला पहिला भाग आजही खरा आहे. निरोगी फुफ्फुसाच्या आतलं सोनोग्राफीत काहीही दिसत नाही. पण फुफ्फुसाच्या पृष्ठभागावर आदळून परतणाऱ्या लहरींमुळे पडद्यावर काही आभासी रेषा उमटतात. फुफ्फुसातलं पाणी आणि हवा यांचं प्रमाण बदललं की या रेषाही बदलतात आणि त्या वाचता येतात. फ्रान्समधले अतिदक्षता तज्ज्ञ डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी या ‘खोट्या’ रेषांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि २००८ मध्ये दम लागलेल्या रुग्णांसाठी ‘ब्लू प्रोटोकॉल’ हा तपासणीचा ठरावीक क्रम मांडला. त्यांच्या अभ्यासातल्या २६० रुग्णांपैकी ९०.५ टक्के रुग्णांत सोनोग्राफीवरचं निदान शेवटच्या निदानाशी जुळलं. अर्थात ते हात मुरलेले होते. आपल्याकडे पहिल्या महिन्यात तेवढी अपेक्षा धरू नये.

डॉक्टर पडद्यावर नेमकं काय बघतात?

आधी दोन बरगड्या शोधतात. त्यांच्या काळ्या सावल्यांच्या मध्ये, बरगडीच्या साधारण अर्धा सेंटिमीटर खाली, एक ठळक पांढरी रेघ दिसते. हे फुफ्फुसाचं आवरण. ती रेघ श्वासाबरोबर मागेपुढे सरकते का, हा पहिला प्रश्न. सरकत असेल तर त्या जागी फुफ्फुस छातीच्या भिंतीला टेकलेलं आहे.

मग रेघेखाली काय आहे ते. समान अंतरावर आडव्या रेषा असतील तर त्या ए-रेषा. खाली हवा आहे, म्हणजे तेवढा भाग कोरडा. आवरणापासून निघून पडद्याच्या तळापर्यंत बॅटरीच्या झोतासारख्या जाणाऱ्या, ए-रेषा पुसून टाकणाऱ्या आणि श्वासाबरोबर हलणाऱ्या उभ्या रेषा दिसल्या तर त्या बी-रेषा. तिथे फुफ्फुसाच्या जाळीत पाणी साचलेलं आहे, निदान ती जाळी जाड तरी झाली आहे. एखाद-दुसरी बी-रेषा निरोगी माणसातही सापडते. दोन बरगड्यांमधल्या एका जागेत तीन किंवा जास्त असल्या तर ती जागा ओली धरायची, असं २०१२ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत ठरलं. पाणी दोन्ही फुफ्फुसांत पसरलंय म्हणायचं तर अशा जागा दोन्ही बाजूंना प्रत्येकी किमान दोन हव्यात.

शेवटी प्रोब कुशीकडे, छाती-पोटाच्या पडद्याजवळ नेतात. तिथे काळी पोकळी दिसली तर फुफ्फुसाभोवती पाणी आहे. फुफ्फुस यकृतासारखं भरीव दिसत असेल तर त्यातली हवा गेली आहे. बहुधा न्यूमोनिया.

बाबांना वीस वर्षं दमा आहे. मग यात आणखी काय बघायचं?

खरा गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

देवगडकडचे सत्तरीचे आजोबा समजा. घामाने बनियन चिंब, खाटेच्या कडेला पाय सोडून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसलेले. बोलणं दोन-दोन शब्दांचं: “आडवो पडलंय काय दम लागता.” छातीत शिट्टी वाजतेय. केसपेपरवर वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं ‘दमा’. वाटेत दोन ठिकाणी वाफ देऊन झाली, दम तसाच.

ही शिट्टी दम्याची असेल, तशी हृदयाचीही असू शकते. हृदय कमी पडलं की फुफ्फुसात पाणी साचतं, श्वासनलिकांच्या भिंती सुजतात आणि स्टेथोस्कोपमध्ये अगदी दम्यासारखी शिट्टी ऐकू येते. कानाला फरक कळणं कठीण. दोघांचे उपचार मात्र वेगळे. दम्याला वाफेतून सॅलब्युटामॉल, म्हणजे श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध, आणि स्टेरॉइड लागतात. हृदयाच्या दमाला, रक्तदाब चढलेला असेल तर, नायट्रोग्लिसरीन, लघवी काढणारं इंजेक्शन आणि बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा, घट्ट मास्क. नुसत्या वाफेत तासभर गेला तर हृदयाच्या पेशंटची वेळ हातची जाते. सॅलब्युटामॉलने हृदयाचे ठोके वाढतात ते वेगळंच.

प्रोब ठेवल्यावर समोरच्या बाजूला दोन्हीकडे सगळीकडे बी-रेषा, आवरण गुळगुळीत, तर पहिला संशय हृदयावर. सगळीकडे ए-रेषा आणि आवरण छान सरकतंय, तर दमा किंवा सीओपीडी, म्हणजे बहुधा विडी-धुरामुळे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. सीओपीडीच्या माणसाला हृदयविकारही असतो, आणि त्याचं काय हे पुस्तकात एका ओळीत असलं तरी रात्री तीन वाजता ते एका ओळीचं राहत नाही. तरीसुद्धा तीन ते पाच मिनिटांत पहिलं औषध कुठलं एवढं ठरतं, आणि तेवढ्यासाठीच हे करायचं. शिवाय उपचार लागू पडले की काही तासांत बी-रेषा कमी होतात. तेही त्याच प्रोबने खाटेवरच बघता येतं.

‘छातीत पाणी झालंय’ म्हणाले. मग सुईने काढत का नाहीत?

पाणी दोन ठिकाणी होतं. फुफ्फुसाच्या आत झिरपलेलं पाणी सुईने निघत नाही. ते औषधांनी आणि मास्कच्या दाबाने उतरतं. फुफ्फुस आणि बरगड्यांच्या मधल्या जागेत साचलेलं पाणी सुईने काढता येतं, पण ते किती आहे आणि कशामुळे आहे हे बघून. टीबी, न्यूमोनिया, कॅन्सर, हृदय, मूत्रपिंड, यकृत, सगळ्यांमुळे ते होऊ शकतं. काढायचंच ठरलं तर सोनोग्राफीत जागा बघून सुई घालणं हे अंदाजाने टोचण्यापेक्षा कधीही बरं.

छातीचा फोटो काढलाय की! तो पुरेसा नाही?

बऱ्याचदा पुरतो, आणि फोटो काढूच नये असं कुणी म्हणत नाही. फुफ्फुसाच्या मधल्या भागातली गाठ, वरच्या भागातला टीबीचा खड्डा, हे फोटोतच नीट दिसतं. आवरणापर्यंत न पोचलेला आजार सोनोग्राफीला दिसत नाही.

पण ज्याला आडवं करता येत नाही त्याला एक्स-रेच्या खोलीपर्यंत नेणं हाच एक धोका. उभ्याने काढलेल्या फोटोत साधारण दोनशे मिलीलिटर पाणी साचेपर्यंत ते नीट दिसत नाही. सोनोग्राफीत त्याहून कितीतरी कमी पाणी दिसतं. आडव्या पेशंटच्या फोटोत तर पाणी मागे पसरतं, हवा पुढे जमते, आणि दोन्ही निसटू शकतात.

झाडावरून पडलेल्या माणसाची छाती का तपासतात? त्याचा तर पाय मोडलाय.

आंब्याच्या दिवसांत आणि सुपारी-नारळाच्या पाडपाला असे पेशंट येतातच. मोडलेला पाय सगळ्यांना दिसतो. मोडलेल्या बरगडीने फुफ्फुसाला टोचलं असेल तर आवरणाबाहेर हवा जमते, आणि ती सुरुवातीला काहीच बोलत नाही. प्रोब छातीच्या पुढच्या बाजूला ठेवला की आवरण सरकताना दिसत नाही, बी-रेषाही नसतात. एम-मोड, म्हणजे एकाच रेषेवरची हालचाल वेळेप्रमाणे दाखवणारी यंत्रातली सोय, लावला तर एरवी दिसणारी वाळूसारखी रवाळ चित्रं जाऊन नुसत्या आडव्या रेघा येतात. पहिल्याला जगभर ‘समुद्रकिनारा’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘बारकोड’. किनाऱ्यावरच्या डॉक्टरांना पहिलं नाव लक्षात ठेवायला त्रास पडत नाही, एवढं खरं.

सरकणं थांबलं म्हणजे हवाच, असं मात्र नाही. जुन्या टीबीने आवरण चिकटलेलं असेल, पेशंट श्वासच घेत नसेल किंवा श्वासाची नळी एकाच बाजूच्या फुफ्फुसात गेली असेल, तरी ते थांबतं. सरकणारं आणि न सरकणारं आवरण जिथे मिळतं तो बिंदू सापडला तर निदान पक्कं. आणि ही हवा माहीत नसताना बायपॅप लावला किंवा व्हेंटिलेटरवर घेतलं, तर दाबाने ती वाढत जाऊन हृदयावर चढते. घाट चढायच्या आधी छातीत नळी घालायची की नाही हा निर्णय इथेच व्हायला हवा, अँब्युलन्समध्ये नव्हे.

रक्तदाब पडलाय, मानेच्या शिरा फुगल्यात, एका बाजूला श्वास ऐकू येत नाही, अशा वेळी यंत्र शोधत बसू नये. आधी हवा बाहेर काढायची.

विंचू चावला आणि दम लागला. त्याचा फुफ्फुसाशी काय संबंध?

लाल विंचवाचं विष शरीरातले अड्रेनॅलिनसारखे स्राव एकदम वाढवतं. घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो आणि काही तासांत फुफ्फुसात पाणी भरू शकतं. लहान मुलांमध्ये हे जास्त भीतीदायक. महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी असे रुग्ण बघितले, रात्र-रात्र त्यांच्याजवळ बसून नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग जगापुढे आणला. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या हाती तेव्हा सोनोग्राफी नव्हती. आज असेल तर दम दिसायला लागण्याआधी वाढत चाललेल्या बी-रेषा पकडता येतात, आणि सलाइन जोरात सोडायची चूक टळते. प्राझोसिन आणि प्रतिविष यांची जागा मात्र प्रोब घेत नाही.

लावणीनंतर ताप आणि आता धाप. लेप्टो कळेल का यात?

लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, आहे की नाही हे कळणार नाही. ते ताप, पोटऱ्यांचं दुखणं, लाल डोळे, लघवीचं प्रमाण आणि रक्ताच्या तपासण्यांवरून ठरतं. फुफ्फुसाला झळ लागली आहे का हे मात्र कळतं. लेप्टोत फुफ्फुसात रक्तस्राव होऊ शकतो, आणि तेव्हा बी-रेषा ठिकठिकाणी विखुरलेल्या असतात: एक जागा ओली, शेजारची कोरडी, आवरण खडबडीत. स्क्रब टायफस किंवा विषाणूच्या न्यूमोनियातही असंच दिसतं. आतला द्रव रक्त आहे की पाणी हे पडद्यावर सांगता येत नाही.

मला याचा सगळ्यात जास्त उपयोग सलाइन देताना वाटतो. लेप्टोच्या पेशंटला पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडं बसतात, जास्त झालं तर फुफ्फुसं भरतात. दर काही तासांनी पुढच्या भागावर प्रोब ठेवून बी-रेषा वाढतायत का बघितलं की बाटली कधी थांबवायची याचा अंदाज येतो. आणि सोनोग्राफीची वाट बघत अँटिबायोटिक लांबवू नये, हेही इथेच सांगितलेलं बरं.

समुद्रातून बाहेर काढलेला पर्यटक शुद्धीवर आहे. सोडू का घरी?

लगेच नको. सहा-आठ तास ऑक्सिजनची पातळी आणि श्वास बघत ठेवावं. सुरुवातीला बोलणारा माणूस नंतर धापा टाकू लागतो. बी-रेषा असतील तर मुक्काम नक्की. किनाऱ्यावर असताना पोट दाबून किंवा उलटं टांगून पाणी काढत बसू नका. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीचे दाब सुरू करा, आणि कुणालातरी १०८ ला फोन करायला लावा.

सोनोग्राफी स्वच्छ आली, तरी दम आहे. म्हणजे नाटक?

अजिबात नाही. स्वच्छ फुफ्फुस ही मोठी खबर आहे. दमा आणि सीओपीडी त्यात येतातच. पण फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तरी ए-रेषाच दिसतात. म्हणून मग मांडीची आणि गुडघ्यामागची शीर प्रोबने दाबून बघतात. शीर दबली नाही तर तिथे गुठळी आहे. दबली तरी संशय पूर्ण जात नाही.

शिवाय रक्त फार कमी असणं, डायबेटिसमध्ये रक्तात आम्ल वाढणं, मूत्रपिंड बंद पडणं, या सगळ्यांत फुफ्फुस स्वच्छ असूनही श्वास जोरात चालतो. आणि कोकणात एक गोष्ट कधीच विसरायची नाही: मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो, पापण्या जड, आवाज घोगरा, दंश कुठे दिसत नाही. फुफ्फुस अगदी कोरडं, पण श्वासाचे स्नायूच ढिले पडत चाललेले असतात. इथे स्वच्छ सोनोग्राफीवर निर्धास्त झालो तर माणूस जाईल. पापण्या बघा, मान उचलता येते का बघा.

मग सीटी स्कॅनला पाठवत का नाहीत?

पाठवतात, गरज असेल तेव्हा. फुफ्फुसातली गुठळी पक्की करायची तर सीटीच लागतो. पण कुडाळ-सावंतवाडीकडून गोव्याचं बांबोळी, रत्नागिरीकडून आंबा घाटाने कोल्हापूर, चिपळूणहून कुंभार्लीने कराड, हा प्रवास धापा टाकणाऱ्या माणसाला सोपा नाही, पावसाळ्यात तर नाहीच. निघण्याआधी पेशंट थोडा सावरणं महत्त्वाचं. वाटेत कुठलं औषध चालू ठेवायचं हे प्रोबने ठरलेलं असलं तर प्रवास सुरक्षित होतो.

गरोदर बाईला, लहान मुलाला चालते का?

चालते. यात एक्स-रेसारखे किरण नसतात.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात खिशातलं यंत्र का नाही? स्वस्त झालीयत म्हणे.

यंत्राच्या किमतीहून कायदा मोठा आहे. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार, गर्भाचं लिंग दाखवू शकणारं कुठलंही यंत्र नोंदणीशिवाय ठेवता येत नाही. तुम्ही ते फक्त छातीसाठी वापरणार असलात तरी. जागेची नोंदणी वेगळी, चालवणाऱ्या डॉक्टरची पात्रता वेगळी. हातात धरून न्यायचं यंत्र नोंदणी झालेल्या जागेत, तिथल्या दाखल रुग्णांसाठी, किंवा फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच वापरता येतं. कायदा ज्या कारणासाठी झाला ते कारण खोटं नाही, त्यामुळे पळवाट शोधू नये. अर्ज करून रीतसर नोंदणी घ्यावी. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक छातीच्या सोनोग्राफीच्या खोलीतही लागतो तो यामुळेच.

नवीन डॉक्टरांनी सुरुवात कशी करावी?

पोटाचा वक्र प्रोब पुरतो. खोली बारा-पंधरा सेंटिमीटर ठेवा. आवरण सरकतंय का हे बघायचं असेल तेव्हा ती कमी करा किंवा सरळ प्रोब घ्या. चित्र देखणं करणारे फिल्टर बंद करा. ते नेमक्या आपल्याला हव्या असलेल्या रेषा पुसतात. सोनोग्राफीच्या खोलीतून यंत्र आणलं की बी-रेषा सापडत नाहीत, अशी तक्रार येते तिचं कारण बहुधा हेच असतं. प्रोब बरगड्यांना आडवा, चामडीला काटकोनात. तिरका झाला की रेषा हरवतात. प्रत्येक बाजूचे चार भाग बघा, पुढचे दोन, कुशीकडचे दोन.

पाणी आणि बी-रेषा लवकर ओळखू येतात. ‘सरकत नाही’ असं छातीठोक म्हणायला मात्र बरेच नॉर्मल पेशंट बघावे लागतात, म्हणून वॉर्डातल्या निरोगी फुफ्फुसांवर हात बसवा. लठ्ठ पेशंट, छातीवर ड्रेसिंग, चामडीखाली शिरलेली हवा, यांत चित्र मिळत नाही. मिळालं नाही तर तसंच लिहा. जुन्या फायब्रोसिसमध्ये, म्हणजे फुफ्फुसाची जाळी कायमची जाड झालेली असते तेव्हा, बी-रेषा कायमच्या असतात, त्यावर लघवीचं इंजेक्शन देऊन उपयोग नाही. आणि प्रत्येक पेशंटनंतर प्रोब पुसा. हे सिस्टर किंवा मामांवर सोडू नका.

स्टेथोस्कोप फेकून द्या म्हणणारी मंडळी हल्ली भेटतात. मला ते पटत नाही. कानाने प्रश्न विचारायचा आणि प्रोबने उत्तर शोधायचं. प्रश्नच नसेल तर प्रोब कुठेही फिरवून काहीतरी सापडतंच.

नातेवाइकांनी काय आणावं, काय सांगावं?

पेशंटला बसवूनच आणा, जबरदस्तीने झोपवू नका. घरातल्या गोळ्यांची पिशवी जशी आहे तशी उचला. जुना ईसीजी, इकोचा कागद असेल तर तो. दम अचानक आला की दोन-तीन दिवस वाढत गेला, पाय सुजले का, ताप आहे का, शेतात फवारणी केली का, काही चावलं का, वाटेत कुठे कुठलं इंजेक्शन किंवा वाफ दिली, एवढं एकाच माणसाने सांगावं. सगळे एकदम बोलले की काहीच कळत नाही.

या तपासणीचा रिपोर्ट मिळतो का?

कॅज्युअल्टीत केलेल्या या तपासणीचा छापील रिपोर्ट बहुधा नसतो. पेशंट पुढे पाठवायचा असेल तर रेफरल चिठ्ठीवर लिहून मागा: किती वाजता बघितलं, कुठल्या बाजूला काय दिसलं, त्याआधी आणि नंतर कुठली औषधं दिली. पुढच्या हॉस्पिटलातले डॉक्टर पुन्हा प्रोब ठेवतील तेव्हा त्यांना तुलना करायला तो कागद लागतो, म्हणून तो अँब्युलन्समध्ये बसणाऱ्याच्या हातात द्या, मागून गाडीने येणाऱ्याच्या नको.